वेणूची दोन वर्षं

कमळाबाईनं जन्मभर अंगठा उठवला. रेशनच्या दुकानात, वीटभट्टीच्या हजेरीवर, रोजगार हमीच्या मस्टरवर आणि बँकेतल्या त्या काचेच्या डबीवर, जी तिचा अंगठा कधी ओळखत नाही आणि वर तिलाच हात धुऊन यायला सांगते. कोळशानं आणि विटांनी अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसून टाकल्या होत्या. बाई, तू अंगठा देतेस त्या कागदात लिहिलंय काय, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनंही कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी जव्हारात वकीलबाईंच्या टेबलावर शाईचं पॅड उघडं पडलं होतं, कागद तयार होता, आणि एकोणसत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा म्हणाली, "आधी वाचून दाखव."

शेजारी बसलेल्या तिच्या भावानं, अनंतानं, जोरात उसासा टाकला. इथवर येईपर्यंत सगळं ठरलं होतं आणि आता हे काय नवीन, असा तो उसासा होता.

ठरलं होतं ते असं. कमळाबाईचा बाप सोमा मुकणे हा दाभोशाचा बिनजमिनीचा मजूर. पण गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा तो लिहायला शिकला, आणि शिकला तो असा शिकला की चार वह्या भरून गोष्टी लिहून काढल्या. कुणाकडून ऐकलेल्या नव्हेत, स्वतः रचलेल्या. नदीला वाट करून देता देता खेकडा तिरका चालायला लागला, ही त्यातली पहिली. वर्गाच्या मास्तरांनी त्यांचं पुस्तक छापून घेतलं, वर सोमाचं नाव घातलं. पुढं पुस्तक संपलं, मास्तर गेले, आणि वाडीतली एकुलती एक प्रत वाळवीनं खाल्ली. उरल्या त्या कमळाबाईच्या तोंडातल्या गोष्टी.

तिची नात प्रतिक्षा जव्हारात एका सेवा केंद्रात कामाला आहे. तिनं आजीचा खेकड्याची गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. तिसऱ्या आठवड्यात तो गायब झाला. खाली इंग्रजीत नोटीस: या गोष्टीचे हक्क फ्रान्समधल्या अमुक प्रकाशनाचे, तुम्ही ती चोरली आहे. प्रतिक्षानं ते पुस्तक शोधून काढलं, फोनवर भाषांतर करून पाहिलं. देखणी चित्रं, जाड कागद, २०२५च्या मार्चमध्ये निघालेलं. आत सोमाच्या नऊ गोष्टी जशाच्या तशा. वर नाव मात्र कुण्या मडमेचं, आणि खाली "भारतातल्या जंगली जमातीच्या अनाम कथा". चोरानं मालकावरच फिर्याद करावी आणि मालकाचं नाव अनाम लिहावं! कमळाबाईला संताप आला तो त्या अनाम शब्दाचा. प्रतिक्षानं त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "नाव नाय? माझ्या बापसाला नाव नाय?" आणि नातीला वकील गाठायला लावला.

वकील रुचिराताई जव्हारच्याच. वयानं तरुण आणि हुशार, पण बोलण्याचा वेग असा की समोरच्यानं मान हलवत राहावं. त्यांनी पत्र पाठवलं, तिकडून उत्तर आलं, आणि सगळा मामला एका वर्षावर येऊन अडकला. सोमा मुकणे मेला कधी?

"आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांचा," रुचिराताईंनी समजावलं होतं. "मोजायला सुरुवात पुढच्या एक जानेवारीपासून. फ्रान्समध्ये सत्तर वर्षं आहेत, पण आपल्या देशातल्या पुस्तकाला ते आपल्याइतकीच देतात. म्हणजे इथं संपला की तिथंही संपला. ते म्हणतात, सोमा चौसष्टला गेले, हक्क चोवीसच्या डिसेंबरला संपला आणि आम्ही पंचवीसच्या मार्चमध्ये छापलं."

"कशावरून म्हणतात?" अनंतानं विचारलं होतं.

"पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मास्तरांच्या दोन ओळी आहेत. लेखक मागल्या भातकापणीत वारले. आवृत्ती पासष्टची. पण आपल्याकडे मृत्यूचा दाखला आहे, गावच्या वहीतल्या नोंदीवरून मिळालेला. त्यात तारीख डिसेंबर सहासष्ट. म्हणजे हक्क सव्वीसच्या अखेरपर्यंत तुमचाच. पुस्तक थांबवता येतं, भरपाई मागता येते. दाखल्याला कमळाबाईंचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्या वेळी कळतं वय असलेल्या त्या एकट्याच उरल्यात."

अनंताची छाती फुगली. ठाण्यात तीस वर्षं वॉचमनकी केलेला माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकून कंबर गेलेला. जिंदगीत एकदा मोठे लोक आपल्यापुढं वाकतील, हे त्याला दिसायला लागलं. कमळाबाई मात्र मनातल्या मनात ती तारीख मोजत बसली.

कारण सोमा चौसष्टलाच मेला होता. मास्तरांच्या ओळी खऱ्या होत्या.

ती आठ वर्षांची होती. भात कापून झालं होतं, तापानं बाप चार दिवसांत गेला. अनंता तेव्हा आईच्या कडेवर, वर्षाचा. वाडीत माणूस मेला की त्याचे दिवस घालायचे, गावाला जेवण द्यायचं, आणि दिवस झाले की माणूस खरा गेला. तोवर तो घरातच असतो. पण जेवण द्यायला दाणा कुठला? त्या वर्षी नव्हता, पुढच्या वर्षी तर पाऊसच दगा देऊन गेला. आई, वेणू तिचं नाव, दोन्ही पोरांना घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. दोन वर्षं ती चुलीपाशी पानावर सोमाच्या नावानं नागलीच्या भाकरीचा चतकोर ठेवायची. सकाळी तोच चतकोर दोन पोरांत वाटायची. स्वतः काय खायची ते कमळाला आठवत नाही, कारण तिनं आईला खाताना पाहिलंच नाही. सहासष्टच्या कापणीनंतर कसेबसे दिवस झाले. दुसऱ्या दिवशी वेणू पाटलाकडं गेली आणि म्हणाली, माझा नवरा गेला, लिहून घ्या. पाटलानं ती तारीख लिहिली.

आता यात खोटं कुणाचं? वेणूचं नाही. तिच्या लेखी नवरा कालच घरातून गेला होता. मग मीही तेच सांगितलं तर कुठं बिघडलं, असं कमळाबाईनं आठवडाभर स्वतःला बजावलं. भाकरी थापताना बजावलं, नदीवर बजावलं, तोंडात घास फिरेना तेव्हाही बजावलं. बापाचं नाव पुस्तकावर येणार असेल तर एक अंगठा काय जड आहे! पण मन ऐकत नव्हतं, आणि का ऐकत नव्हतं तेही तिला कळत नव्हतं.

रुचिराताई वाचायला लागल्या. "मी, कमळा, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की माझे वडील सोमा मुकणे हे डिसेंबर १९६६ पर्यंत हयात होते. तोपर्यंत ते मोलमजुरी करून माझा व माझ्या भावाचा सांभाळ करत होते..."

"थांब," कमळाबाई म्हणाली. "पुन्हा वाच."

रुचिराताईंनी पुन्हा वाचलं.

"सांभाळ कोन करत व्हता?"

"तुमचे वडील. तसं लिहावं लागतं, म्हणजे ते जिवंत होते हे पक्कं होतं."

"बाय, अंगठा दे," अनंता दबक्या आवाजात म्हणाला. "दाखला सरकारचा हाय, आपन थोडाच बनवला?"

कमळाबाईनं अंगठा पॅडवर दाबला. निळा झाला. तो कागदावर नेला आणि तिथंच, बोटभर वर, तिचा हात थांबला.

"बाय!" अनंताचा आवाज फुटला. "मना तो आठवत पन नाय. त्याचा तोंड कसा व्हता, मना ठाव नाय. या कागदात मी तीन वर्साचा होईस्तोवर मना बापूस हाय. तेवढा तरी दे ना मना."

साठीच्या भावाच्या डोळ्यांत पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. देऊन टाकावा अंगठा, असं अगदी ओठांवर आलं. पण तिनं हात मागं घेतला आणि शाईचा अंगठा लुगड्याला पुसला.

"तुला बापूस देवाचा तं आयस काढून घेवाला लागंल," ती म्हणाली. "ती दोन वर्सां आयसनं ओढली. भट्टीवर हात भाजलं तिचं. तुला पाठीशी बांधून कोळसा वाहिला तिनं. तव्हा बापूस नव्हता, अनंता. आयस व्हती. ती दोन वर्सां तिची हायत, मी कोनाला द्याची नाय. बापसाला पन नाय."

अनंता उठला. खुर्ची मागं आदळली. तो जिना उतरून गेला.

कमळाबाई कागदाकडं बघत बसली. तिच्या हिशेबी सगळं गेलं होतं. बाप अनामच राहणार, आणि ते तिनं आपल्या हातानं केलं होतं. मग तिनं विचारलं, "आता त्याचा नाव कंदीच नाय येवाचा?"

"नाव?" रुचिराताई चमकल्या. "नावाचं वेगळं आहे. पुस्तक आता थांबवता येणार नाही, भरपाईही नाही, गोष्टी सगळ्यांच्या झाल्या. पण लिहिलं कुणी, हे सांगण्याचा हक्क साठ वर्षांनी संपत नाही. आपल्याकडेही नाही, फ्रान्समध्ये तर मुळीच नाही. नाव मागायला तारीख लागत नाही."

कमळाबाई उसळली. "मंग पयल्यांदा का नाय सांगलंस गं बाई? आठ दिस माझ्या घशाखाली घास नाय गेला!"

रुचिराताईंचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्हाला पुस्तकच थांबवायचंय. नुसतं नाव कोण मागतं हो?"

त्याच टेबलावर दुसरं पत्र लिहिलं गेलं, चौसष्ट साल खरं आहे असं कबूल करून. गोष्टी सगळ्यांच्याच ठरल्यावर त्या सांगायला कमळाबाईला कोण अडवणार? व्हिडिओ आठ दिवसांत परत आला. प्रकाशनाचं उत्तर यायला चार महिने लागले. पुढच्या छपाईत नाव घालू, लेखकाची दोन वाक्यांत माहिती पाठवा. कमळाबाईनं सांगितली, प्रतिक्षानं लिहिली, आणि आजीनं तिला एक अक्षरही बदलू दिलं नाही.

पुस्तक आलं तेव्हा कमळाबाई अंगणात नागली पाखडत होती. अनंताही आला होता. तो महिनाभर बोलला नव्हता, मग बोलायला लागला होता. प्रतिक्षानं पहिलं पान उघडलं, फ्रेंच ओळींवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "या गोष्टी दाभोशाच्या सोमा मुकणे यांनी लिहिल्या. ते १९६४ साली वारले, आणि पुढची दोन वर्षं त्यांची बायको वेणू हिनं रोज त्यांचं पान वाढलं आणि मुलं जगवली."

अनंतानं पुस्तक हातात घेतलं. तो थोडंफार वाचायचा, पण ती अक्षरं त्याला लागेनात. "यात आयस कुठं हाय?" त्यानं विचारलं.

प्रतिक्षानं दाखवलं. अनंतानं बहिणीचा हात धरला, सुपावरून उचलला आणि तिचा अंगठा वेणूच्या नावाच्या त्या चार परक्या अक्षरांवर नेऊन ठेवला. पिठूळ अंगठ्याचा डाग पानावर उमटला, बिनरेघांचा. तो कुणी पुसला नाही.