बेंचवरचे शंभर किलो

मी बेंचवर उताणा पडून शंभर किलोचा रॉड छातीवरून वर मारतो, हे आमच्या अख्ख्या सासरवाडीला तोंडपाठ होतं. मीच करवून घेतलं होतं. साखरपुडा असो की वास्तुशांत, पंगतीला बसलो की दुसऱ्या भाताच्या आत मी विषय तिकडं वळवायचोच. वय अठ्ठेचाळीस, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, पोटाला जरा घेर, आणि तरी शंभर किलो! काय थट्टा हाय व्हय? मग चाळिशीपुढच्यांची बेंच प्रेसची स्पर्धा निघाली आणि मी नाव देऊन मोकळा झालो. सासरकडची पंधरा-वीस माणसं बघायला येणार म्हणाली. आता माघार म्हणजे नाक कापून घेण्यातलीच गत.

बेंचवर माझ्या डोक्याशी उभा राहायचा माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, कागलला कारखान्यात कामाला. दोन वर्षं रोज सकाळी आम्ही जोडीनं जिमला जायचो. रॉड छातीवर अडकला तर धरायला मागं माणूस लागतो, ते काम त्याचं. रॉडखाली बोटं धरून तो ओरडायचा, "सगळं तुमचंच हाय दाजी! आमी हात बी लावला न्हाय!" आणि रॉड जायचा की वर!

स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आणि ह्या गड्याची कंबर धरली. डॉक्टरांनी महिनाभर फळीवर पडून राहायला सांगितलं. मी फोनवर त्यालाच झापला, "पावणं, टेक्निक न्हाय तुमचं. कुवतीबाहेर उचलायला सांगितलंय कुणी?" तो "व्हय, व्हय" म्हणाला.

तो नाही म्हटल्यावर मी जिममधल्या नव्या ट्रेनर बाईंना धरलं. बाई कसली, पंचविशीची पोरगी, शाहूवाडीकडची. पण जमिनीवरचा जड रॉड पाण्याची घागर उचलावी तसा उचलायची. बेंचची मला चिंताच नव्हती, माझं रडगाणं डेडलिफ्टचं होतं. जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहायचं, एवढंच काम. पण दोन वर्षं माझी गाडी नव्वद किलोवर रुतली होती.

तिनं मला वाकवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "रॉड नडगीला घासत वर आला पाहिजे. पोटात श्वास भरा, बसकण मागं न्या, पाठ सरळ. हात लांब सोडून पाठीची कमान केलीसा तर कंबर जाणारच, काका." काका म्हटलेलं मी गिळलं.

"बेंच किती मारताय?"

"शंभर." मी छाती काढून सांगितलं.

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "उलटं असतंय की काका. पाय आन् पाठ मिळून छातीपेक्षा जास्तच उचलतात. बेंचला मागं कोण असतंय?"

"साडू."

"मारून दाखवा."

माझी सटकलीच. म्हटलं, लाव प्लेटा! तिनं शंभर लावले, रॉड पडला तर अडावा म्हणून दोन्ही बाजूंना सळ्या लावल्या आणि हाताची घडी घालून मागं उभी राहिली. मी रॉड छातीवर घेतला. घेतला कसला, तो आला. मग मी ढकलला. तो हललाच नाही. मी पुन्हा ढकलला, कानात भिंगरी सुरू झाली, आणि रॉड तसाच सळ्यांवर जाऊन बसला. मला वाटलं, पोरीनं जादा प्लेटा लावल्या. उठून मोजल्या. बरोबर होत्या.

ऐंशी लावले. नाही. सत्तर. तेही नाही. साठ कसेबसे दोनदा गेले.

मी हादरलो. दोन वर्षांचं माझं नाव, माझा रुबाब, सगळं त्या सळ्यांवर उताणं पडलं होतं.

"खांदे मागं आवळा, पाय रोवा, महिन्या-दोन महिन्यांत पासष्ट हुतील," ती म्हणाली. चेष्टा नव्हती करत, खरंच धीर देत होती.

"आन् वरचे चाळीस?"

"ते मागचा माणूस उचलत असणार. रोज. वाकून, हात लांब सोडून. तुमास्नी आत्ता करू नका म्हटलं ना, अगदी तसंच."

त्या पोरीला साडूच्या कंबरेचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी तसाच गाडीला किक मारून त्याच्या घरी गेलो.

माफी मागायला निघालो होतो, पण माझं तोंड असलं! दारातूनच ओरडलो, "पावणं, दोन वर्षं मला येडं बनवलासा व्हय?"

मी मोठा साडू, दारात आलो म्हणून तो उठायला गेला. कोपरावर आला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी धावत जाऊन त्याला परत आडवा केला.

"कळलं व्हय," तो म्हणाला.

"का केलासा असं?"

"पयल्या म्हैन्यात तुमी एकदा पन्नासला अडकलासा. मी धरलं न्हाय, म्हटलं जातंय का बघू. चार पोरं हसली. प्लेट भिरकावून गेलासा तुमी. ध्यानात हाय?"

नव्हतं.

"आठ दिसांनी आमच्या पोरीचं बारसं हुतं. तुमी आला न्हाईसा, ताईस्नी बी धाडलं न्हाईसा. ही पाळण्याजवळ बसून रडत हुती. तवा ठरवलं, दाजीस्नी अडकू द्यायचं न्हाय."

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. इतक्या वेळा, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"स्पर्धेत कुणी हात लावू देत न्हाईत," तो छताकडं बघत म्हणाला. "त्येचीच काळजी लागलीया."

"अवो, मग सांगायचं की मला! साठ तर साठ! एका शब्दानं सांगायचं हुतं!"

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "सांगितलं असतं, तर ह्या दारात परत आला असता काय दाजी?"

आतून मेहुणी चहा घेऊन आली आणि उत्तर ऐकायला तिथंच थांबली.

"न्हाय," मी म्हणालो.