चौथी गाठ

माणसं घर बघायला गेली की आधी नळ सोडून पाहतात. धाकटी आधी जमिनीवर पाय आपटायची, एकदा टाचेनं, एकदा चवड्यानं. आवाज पोकळ आला की तोंड वाकडं करून बाहेर. मग घरमालक दलालाकडे बघायचा आणि दलाल छताकडे.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती विणकर; हातमाग चालायला लागला की प्रत्येक ठोक्याला खालच्या मजल्यावरची भांडी वाजतात, म्हणून तळमजलाच हवा. खिडकी उत्तरेची हवी, कारण ऊन थेट सुतावर आलं की रंग उडतो. हवेत जरा ओल हवी, नाहीतर ताणलेलं सूत तटातट तुटतं, पण भिंतीला मात्र ओल नको. आता हवा ओली आणि भिंत कोरडी असं घर मागणारं गिऱ्हाईक पदरी पडल्यावर दलालानं काय करावं?

"मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, तशातली तर गत नाही ना?" तो एकदा न राहवून म्हणाला.

"तू आधी सरळ अंगण दाखव, मग बघ नाचते का," धाकटी म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचं हे बोलणं ऐकून त्यानं पुढच्या घराच्या किल्ल्या काढल्या.

खरं घोडं अडायचं ते पुढेच. सगळं पसंत पडलं तरी पिशवीतून एक जाड सुती दोरा निघायचा. त्याला चार गाठी होत्या. दोऱ्याचं टोक एका भिंतीला धरायचं. पहिल्या गाठीपर्यंत माग, दुसरीपर्यंत आडवं सूत नेणारा धोटा फेकताना हलणारं कोपर, तिसरीपर्यंत सुताच्या लड्यांची टोपली. चौथीबद्दल ती बोलत नसे. आणि नेमकी ती चौथी गाठ प्रत्येक घरात समोरच्या भिंतीवर चढायची.

"थोडी कमी पडते," धाकटी म्हणायची आणि दोरा गुंडाळायची. अशी सतरा घरं झाली.

ती चौथी गाठ थोरल्या बहिणीची होती. दोघींनी सव्वीस वर्षं एकाच खोलीत काम केलं. धाकटी मागावर, थोरली तिच्या उजव्या हाताला चरखा घेऊन. थोरली सूत कातायची, ते गुंडाळून धोट्यासाठी कांड्या भरायची. धोट्यातली कांडी संपली की धाकटी मान न वळवता "कांडी!" म्हणून उजवा हात पुढे करायची आणि भरलेली कांडी तळव्यात यायची. एकदाही उशीर झाला नाही. कधी भांडण होऊन आठ-आठ दिवस अबोला असायचा, तेव्हासुद्धा कांडी यायची.

मग ती इमारत पाडली. माग सुटा करून सुताराच्या शेडमध्ये गेला आणि थोरली चार दिवस म्हणून लेकाकडे, दूरच्या शहरात. "घर मिळालं की कळव, चरखा घेऊन येते," असं सांगून गेली. चार दिवसांची चार वर्षं झाली.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायला गेली आणि लोकरीचे मोजे, टोप्या विणू लागली. विणकामाला काय लागतं, दोन सुया आणि एक मांडी. पण विणता विणता तिचे पाय खुर्चीखाली आपोआप वरखाली व्हायचे, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. लक्षात आलं की ती पाय पोटाशी घेऊन बसायची. मागाची आठवण यायची आणि त्याहून जास्त त्या उजव्या बाजूची.

अशात सुताराचा निरोप आला. "बाई, महिनाअखेर शेड रिकामी करायचीय. लाकूड चांगलंय, कोणी मागितलं तर देऊ का?"

"लाकूड नाही, माग आहे तो," ती म्हणाली. पण जीव टांगणीला लागला.

अठरावं घर सायकलच्या दुकानामागं होतं, पूर्वीचं कागदाचं गोदाम. धाकटीनं पाय आपटला. दगडी फरशीनं हूं की चूं केलं नाही. खिडकी उत्तरेची, भिंतभर. धाकटी नुसती उभी राहिली. मग तिनं दोरा काढला. एक, दोन, तीन गाठी बसल्या. चौथी दोन हात कमी.

"थोडी..."

"कमी पडते!" दलाल खिडकीच्या कठड्यावर मटकन बसला. "अहो, पण ही गाठ आहे तरी कशाची? संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय इथे."

"ताईच्या चरख्याची," धाकटी म्हणाली.

"मग त्या येणार कधी? विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि धाकटीला त्याचीच धास्ती होती.

तिनं तिथूनच फोन लावला. थोरलीनं नेहमीसारखं सगळं खोदून खोदून विचारलं. जमीन कशी, उजेड कुठून, दाराला उंबरा आहे का.

"मग घे की गं!"

"तुझी जागा होत नाही, ताई."

मग थोरली म्हणाली, "अगं, माझ्या हाताला कंप सुटलाय. धागा धरता येत नाही. चरखा माळ्यावर टाकून दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"तू दर घराचं सांगायचीस ना. मला ऐकायला बरं वाटायचं. वाटायचं, त्या घरात मीही आहे." मग ठसक्यात, "घे ते घर. आणि कांड्या आधी भरून ठेवत जा. तुला कुठली सवय!"

धाकटीनं घर घेतलं. सुतारानं माग जुळवून दिला. धाकटीनं कांड्या भरून डाव्या बाजूला टोपलीत ठेवल्या, अगदी शहाण्या माणसासारखं. पहिली कांडी संपली. "कांडी!" म्हणत उजवा हात पुढे गेला आणि बोटं भिंतीवर आपटली. तिनं हात तसाच राहू दिला. भिंत कोरडी होती, पाहिजे होती तशी. मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन लावून त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. "बोलू नकोस, नुसतं ऐक," एवढं सांगून ती मागावर बसली. माग ठोके देत राहिला. फोनमधून कधी खोकला यायचा, कधी पंख्याचा आवाज.

मग ठोके थांबले. धाकटीनं तोंड उघडण्याआधीच कोनाड्यातून थोरली म्हणाली, "संपली ना गं कांडी?"

धाकटीचा उजवा हात पुढे गेलेलाच होता.