भिंतीवरची उजळ अक्षरं

सातवीच्या वर्गात मी स्लाइड लावते तेव्हा खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात. मुलांच्या चेहऱ्यांवर निळसर उजेड पडतो. स्लाइड बदलली की मथळा सगळ्यांनी एका सुरात वाचायचा, ही आमच्या वर्गाची सवय.

परवा नद्यांचा धडा होता. गडद निळ्यावर ठळक पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एकच चित्र. रविवारभर बसून मी ते सजवलं होतं. फक्त तयार नमुन्यातली एक ओळ बदलायची राहून गेली. मुलांनी ती खड्या आवाजात वाचली, "येथे शीर्षक लिहा!"

कुणीच हसलं नाही. मी हसले, आणि मग मलाच कसंतरी झालं.

फळ्यावर कालची तारीख राहिली तरी पहिल्या बाकावरची सानिका लगेच ओरडते, "बाई, आज मंगळवार!" खडूची अक्षरं वाकडी, पुसट, माझ्या हातची, त्यांच्याशी भांडता येतं. ही उजळ अक्षरं कुणाच्याच हातची वाटत नाहीत. मी रंग जितके नीट निवडते, तितकी मुलं सगळं मुकाट्यानं मानत जातात की काय?

गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, हे या मुलांना केव्हापासून पाठ आहे. आज मी मुद्दाम एक देखणी, डोळ्यांना गार वाटणारी स्लाइड केली: 'गोदावरी अरबी समुद्राला मिळते.' बटण दाबलं आणि सानिकाकडे बघत उभी राहिले.

वर्गानं एका सुरात वाचलं. सगळ्यात खणखणीत आवाज सानिकाचा होता.