साहेबांची घंटा

आमच्या चिकपेटच्या गणेशोत्सवातल्या नाटकात दरवर्षी राजा मी व्हायचो आणि तो भालदार. कचेरीतही तो माझ्या शेजारच्याच टेबलावर बसे. समोरचा माणूस कान खाजवू लागला की याचाही हात कानाकडं जाई. कुणाचं बोलणं आवडलं की म्हणे, "स्वल्प पुन्हा म्हणा की, अण्णा." मला वाटायचं, याला ऐकू कमी येतं.

अशा माणसाला कँटोन्मेंटात खेळ करायला आलेल्या इंग्रज नाटक कंपनीनं निवडलं आणि तो लंडनला निघाला! ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. निरोपाच्या चहाला मी मुद्दाम खोचून म्हणालो, "गोऱ्यांना काय करून दाखवलंस, ते आम्हालाही दाखव की."

तो उठला. साहेबांची घंटा ऐकल्यासारखा दचकला. कोटाचं वरचं बटण लावलं, तळवे विजारीला पुसले. दाराशी जाऊन तोंडावर हसू आणलं, ते जरा कमी केलं, पुन्हा बेताचं आणलं. सगळी कचेरी माझ्याकडं बघून हसत सुटली. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.

"तुमच्यामुळं निवड झाली, अण्णा," म्हणत तो माझ्या पाया पडला. तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. इतकी वर्षं राजा मी झालो, आणि बोटीत बसून विलायतेला गेला तो माझ्यातला कारकून.

सोमवारी साहेबांची घंटा वाजली. मी बटण लावलं, तळवे पुसले. दाराशी पोचलो, तर हसायचं कसं तेच आठवेना.