पाण्याची बायको

गुलअंदामचा दुसरा नवरा म्हणजे पाणी. डोंगराच्या पोटातून भुयारी वाटेनं गावात उतरणारं, कारीझचं पाणी. एका वर्षी ते आटू लागलं, तेव्हा गावानं ठरवलं की बिचारं एकटं आहे, त्याला बायको हवी. गावात तरणी विधवा ती एकच होती. मुल्लांनी निकाह लावला, तिच्या पोटासाठी घरटी गहू ठरला. अट इतकीच की बारा महिने त्याच पाण्यात उतरून न्हायचं आणि माणसाशी लग्न करायचं नाही.

"नवरा फार थंड दिसतो गं!" बायका खिदळायच्या.

"पण घोरत नाही. तुझ्या नशिबी कुठलं हे सुख!"

आधी ती लाजेनं डोळे मिटून उतरायची. पुढे डोळे उघडे राहू लागले. भुयाराच्या तोंडाशी उजेड हिरवा व्हायचा, पाणी कमरेला वेढा घालून जरासं थांबायचं आणि आतल्या अंधारातून कुणी आपलं नाव घेतंय असं तिला वाटायचं. दिवसभराचं सगळं ती त्याला सांगायची. इतकं ऐकून घेणारा नवरा माणसांत तरी कुणाला मिळालाय?

तिचे केस पिकले. गावचा प्रमुख, कदखुदा, यानं सरकारी परवाना काढून माळावर खोल विहीर खणली, पंप बसवला. त्याच्या बदामाच्या बागा हिरव्यागार झाल्या आणि कारीझ घोट्यावर आलं. बैठक भरली. पंपाचं नाव काढायची कुणाची छाती? खापर गुलअंदामवर फुटलं.

"पाणी आटलेलं नाही, नुसतं रुसलंय," कदखुदा म्हणाला. "खाला, तुमचं वय झालं. ती तरणी विधवा शौकत आहे, तिच्याशी त्याचं लावून देऊ. तुम्ही तलाक घ्या."

"तलाक नवऱ्यानं द्यायचा असतो. त्याला येऊन म्हणू दे."

ती रोज चिखलात पाय रोवून बसायची. "मला सोडून जाऊ नकोस रे," म्हणायची. एका सकाळी चिखलालाही भेगा पडल्या होत्या. पहिल्या नवऱ्यासाठी रडली नव्हती इतकी ती रडली.

मग तिनं काळे कपडे घातले, मयताचा हलवा केला आणि पहिली बशी कदखुदाच्या दारी नेली. तो हलवा पुढे आला की आधी मेलेल्यासाठी फातिहा म्हणायची, मग विचारपूस, ही तिथली जन्माची सवय. कदखुदानं बशी घेतली, फातिहा पुटपुटला, वर म्हणाला, "हे तुमचं शेवटचं दुःख ठरो, खाला. कोण गेलं?"

"माझा नवरा," ती म्हणाली. "तुम्ही फातिहा म्हटलात. आता तो रुसलाय असं गावाला सांगू नका."