कलम चार आणि आत्याबाई

आम्ही वेगळे झालो तेव्हा ना भांडी फुटली, ना शेजारी जमले. नवरा बँकेत, मी शाळेत. दोघांनाही सही करण्याआधी कागद नीट वाचायची खोड. नऊ वर्षांत बोलायचे विषय संपले होते, एवढंच कारण. वकिलांना ते पुरेसं वाटेना. "मैडम, कुछ मारपीट? शराब?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. मी नाही म्हटल्यावर बिचारे हिरमुसले.

उज्जैनला देवास गेटजवळच्या त्यांच्या खोलीत करार टाइप झाला. माधवनगरचं भाड्याचं घर माझ्याकडे, स्कूटर आणि रेडिओ त्याच्याकडे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे एक पान वाचलं. कलम चार असं होतं, की द्वितीय पक्ष, म्हणजे नवरा, बेल वाजवून परवानगी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही. ते मीच हट्टाने घालून घेतलं. "देश के दरवाज़े खुल रहे हैं, और आप बन्द करवा रही हैं," वकील म्हणाले. तेव्हा परदेशी कंपन्यांना देश नुकता खुला होत होता, पेपरात रोज तेच असायचं. असं वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा.

सगळं वाटून झालं, फक्त आत्याबाई राहिल्या. या नवऱ्याच्या आत्या, साताऱ्याच्या. त्याची आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच त्याला वाढवलं. पण लग्नानंतर मी बी.एड. करत होते, तेव्हा त्या चार महिने इथे येऊन राहिल्या, रोज माझा डबा भरला, परीक्षेच्या सकाळी हातावर दही घातलं. माझी स्वतःची आई असलं काही करणाऱ्यातली नव्हती. खरं सांगायचं तर नवरा सुटल्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. आत्याबाई सुटतील, याची मात्र धास्ती होती. त्यांना कोणी कळवायचं, यावर आम्ही दोघांनी दिवाळीपासून चालढकल चालवली होती.

तेवढ्यात सिंहस्थ आला. बारा वर्षं ज्यांना उज्जैन आठवत नाही त्या नातेवाइकांना सिंहस्थात आपण फार आठवतो. आत्याबाईंचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे दोघांच्या नावाने एकच. शाही स्नानाला येते, पंधरा दिवस राहीन.

तेवढे दिवस नवऱ्याने इथेच राहायचं, त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. "एक छत के नीचे रहे तो साल फिर से गिनना पड़ सकता है." मग त्यांनीच तोड काढली. कलम नऊ: मेला अवधि में उभय पक्ष एक ही मकान में निवास करेंगे, किन्तु इसे सहवास न समझा जाए. खाली कामांची वाटणी: स्वयंपाक प्रथम पक्षाचा, पाणी भरणं आणि घाटावर नेणं-आणणं द्वितीय पक्षाचं. दोन साक्षीदारांनी गंभीर चेहऱ्याने सह्या केल्या.

आणि काय सांगू, आमच्या संसारातले ते सगळ्यात सुरळीत पंधरा दिवस! पाणी वेळेवर भरलेलं असायचं. भाजी न सांगता यायची. लग्नातच असा कागद करून घ्यायला हवा होता, असं मला वाटून गेलं.

चूक एकच झाली. कलम नऊ घातलं, पण कलम चार खोडायचं राहिलं. नवरा पडला बँकेतला. आत्याबाईंना घाटावरून आणलं, की त्या सरळ आत येऊन डाळ निवडायला बसायच्या. हा मात्र त्यांचं ओलं लुगडं खांद्यावर घेऊन सताड उघड्या दारात उभा राहायचा, बेल वाजवायचा आणि मी स्वयंपाकघरातून "या" म्हणेपर्यंत हलायचा नाही.

"अहो, काय हे? आत या ना सरळ!" मी दातओठ खाऊन म्हणायचे.

"कलम चार आहे," तो हळूच म्हणायचा. थट्टा करत नव्हता.

आत्याबाई डाळीतून मान वर करायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या.

त्या निघाल्या त्या दिवशी देवास गेटच्या स्टँडवर ही गर्दी. नवरा इंदूरच्या बसचं तिकीट काढायला गेला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "कधीपासून?"

"काय, आत्याबाई?"

"कुठला नवरा उघड्या दारात बेल वाजवतो गं?"

मी सहा महिने मनात घोकलेलं सगळं स्पष्टीकरण तिथल्या तिथे विसरले. "दिवाळीपासून," एवढंच म्हटलं.

"मला सांगितलं नाहीत, याचा राग आहे मला. तो राहणार." त्यांनी पिशवीतून पेन आणि कोरं अंतर्देशीय काढलं. "त्याचा पत्ता लिही यावर. आता दोन पत्रं टाकावी लागतील."

मी पत्ता लिहिला. अक्षर वाकडं आलं. "म्हणजे मलाही टाकाल?"

"न टाकायला काय झालं? तुम्ही दोघांनी कागद केलाय, मी कुठे सही केली?" मग त्या जरा थांबल्या, आणि त्यांचाच आवाज बारीक झाला. "आले तर मलाही बेल वाजवावी लागेल का गं?"

"नाही," मी म्हटलं, आणि भर स्टँडवर त्यांच्या गळ्यात पडून रडले.