उताऱ्याबाहेरचं उत्तर

आत्या कपडे शिवायची, आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय तिचं मशीन चालायचं नाही. "हा रंग तुला शोभत नाही," असं ती तोंडावर सांगायची. तरी लोक परत यायचे, कारण हाताला सफाई होती. जवळच्या शिवणवर्गात शिक्षिकेची जागा निघाली. आत्याला ती मनापासून हवी होती, पण अट दहावी पासची, आणि आत्याचं घोडं तरुणपणीच इंग्रजीपाशी अडलेलं.

मग आठवीतली भाची तिची मास्तरीण झाली. कापडं बेतायच्या टेबलावर रोज गृहपाठ पसरायचा. रिकाम्या जागा आत्या झटपट भरायची, विरुद्धार्थी शब्द तर तोंडपाठ. घोळ व्हायचा उताऱ्यात. एका उताऱ्यातल्या नावाड्यानं होडी का विकली, या प्रश्नाला तिनं उत्तर लिहिलं : बायकोला न विचारता विकली, अक्कल नाही.

"आत्या, उताऱ्यात बायकोच नाहीये!"

"मग शेजाऱ्यांना विचारायचं होतं."

"अगं, दिलंय तेवढंच लिही. तुझं मत विचारलंय का कुणी?"

आत्यानं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न तिनं घरात जन्मभर ऐकला होता. शाळा सोडवली तेव्हा ऐकला, लग्न ठरलं तेव्हाही. तिला वाईट वाटलंच. पण पोरीचं म्हणणं खरं होतं. त्या दिवसापासून उतारा आला की आत्या ओठांत टाचण्या धरून बसायची, माप घेताना धरते तशा. मग मत आलं तरी बाहेर पडायला वाट नसायची.

परीक्षेत टाचण्या कुठल्या? ओठ चावत तिनं एकेक उत्तर उताऱ्यातूनच उचललं. उतारा होता घर सोडून निघालेल्या मुलीचा. शेवटचा प्रश्न : या मुलीनं काय करावं, असं तुम्हाला वाटतं? पाच ओळींत लिहा.

आत्यानं तो दोनदा वाचला. मग पर्यवेक्षकांना हाक मारली.

"सर, हे मला विचारलंय?"

"तुम्हालाच."

निकाल लागला. आत्या काठावर का होईना, पास झाली, आणि नोकरीही पक्की झाली. भाचीनं तिला मिठी मारली आणि लगेच फैलावर घेतलं.

"पाच ओळींना दोन पुरवण्या लावतं का कुणी?"

"पाच ओळींत काय होतंय गं?" आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं."